वाचनवैकल्य व दृक्‌प्रक्रिया

वाचनवैकल्य व दृक्‌प्रक्रिया : सर्वसाधारण बुद्धिमत्ता, पुरेशी दृष्टी व श्रवणशक्ती आणि नियमित शालेय शिक्षण लाभूनही ज्या मुलास छापील शब्द अचूकपणे व सहज गतीने वाचता येत नाहीत आणि ज्याचे लेखनही अक्षरक्रमाच्या व वर्णांच्या चुकांमुळे सतत अडखळते, त्याच्या या अडचणीस ‘वाचनवैकल्य’ किंवा ‘डिस्लेक्सिया’ असे म्हणतात. ऐकलेला मजकूर समजणे, तोंडी उत्तरे देणे, चित्रे काढणे, वस्तूंची जुळणी करणे इ. कामांत असे मूल बरोबरीच्या मुलांइतकेच, कधी त्यांच्याहून सरस असते; अडचण असते ती सुट्या शब्दांच्या वाचनात. वाचनक्षमता ही उंचीप्रमाणे कमीअधिक प्रमाणात सर्वांत विभागलेली असते आणि वाचनवैकल्य म्हणजे त्या श्रेणीचे खालचे टोक होय, असे आता मानले जाते. सीमारेषा कोठे आखावी हा निकषाचा प्रश्न असल्याने प्रमाणाचे आकडे वेगवेगळे मिळतात. शाळकरी मुलांत ते ५ ते १० टक्के असल्याचा अंदाज सामान्यतः दिला जातो. बुद्ध्यंक व वाचनक्षमता यांत मोठी तफावत असलीच पाहिजे, ही निदानाची जुनी अट आता बहुतेक तज्ञांनी सोडून दिली आहे.

वाचनाचा आरंभ डोळ्यांपासून होतो. त्यामुळे वाचता न येणे हा पाहण्यातील दोष असावा, ही समजूत स्वाभाविक व जुनी आहे. ‘अक्षरे उलटी दिसतात’, ‘अक्षरे नाचतात’ ही वर्णने लोकांत रूढ आहेत आणि २००७ सालच्या तारे जमीं पर या हिंदी चित्रपटाने ती भारतात घरोघरी पोहोचविली. या समजुतीत तथ्य किती, हा केवळ शास्त्रीय कुतूहलाचा प्रश्न नाही. सहा-सात वर्षांच्या मुलास भिंगे द्यावयाची, डोळ्यांचे व्यायाम द्यावयाचे, की अक्षर व ध्वनी यांचे पद्धतशीर शिक्षण द्यावयाचे, हे त्या उत्तरावर अवलंबून असते. आणि चुकीच्या उपचारात गेलेली पहिली दोन-तीन वर्षे भरून काढणे कठीण जाते.

इतिहास : आडॉल्फ कुसमाउल या जर्मन वैद्याने १८७७ मध्ये, बोलता व पाहता येत असूनही वाचनाची शक्ती गमावलेल्या रुग्णांसाठी ‘शब्दांधता’ ही संज्ञा वापरली. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द श्टुटगार्ट येथील नेत्रवैद्य रूडॉल्फ बेर्लीन यांनी १८८७ मध्ये रूढ केला. फ्रेंच तंत्रिकातज्ञ झ्यूल देझेरीन यांनी १८९२ मध्ये एका रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याला लिहिता येत असे. परंतु स्वतः लिहिलेलेही वाचता येत नसे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या पश्चखंडात, म्हणजे दृष्टीशी संबंधित अशा मागील भागात, इजा आढळली. हे सर्व रुग्ण प्रौढ होते व त्यांनी पूर्वी असलेली शक्ती गमावली होती.

जन्मतःच अशी अडचण असलेल्या मुलाची पहिली सविस्तर नोंद इंग्लंडमधील वैद्य प्रिंगल मॉर्गन यांनी नोव्हेंबर १८९६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात केली. पर्सी नावाचा हा मुलगा १४ वर्षांचा होता. ७४९ ला ८६७ ने तो झटकन व बिनचूक गुणू शके; परंतु साधे शब्द त्याला वाचता येत नसत आणि स्वतःचे नाव लिहितानाही तो अक्षरांचा क्रम चुकवी. सर्व शिक्षण तोंडी असते, तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत मॉर्गन यांनी नोंदविले आहे. ग्लासगो येथील नेत्रशल्यविशारद जेम्स हिन्‌शेलवुड यांनी १८९५ पासून या विषयावर लेखन केले व १९१७ मध्ये जन्मजात शब्दांधतेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. शब्दांच्या दृक्‌स्मृतींचे एक केंद्र मेंदूच्या डाव्या गोलार्धात असते आणि या मुलांत त्याचीच वाढ अपुरी राहते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

अमेरिकन तंत्रिकातज्ञ सॅम्युएल ऑर्टन यांनी १९२५ मध्ये निराळी उपपत्ती मांडली. मेंदूच्या दोन गोलार्धांत अक्षरांच्या परस्परविरुद्ध दिशेच्या प्रतिमा साठविल्या जातात. एका गोलार्धाचे प्रभुत्व प्रस्थापित झाले नाही, तर उलटी प्रतिमा दबून राहत नाही आणि मूल अक्षरे उलटसुलट वाचते, असे त्यांचे म्हणणे होते. ही उपपत्ती पुढे टिकली नाही. तथापि ऑर्टन यांनी अ‍ॅना गिलिंगहॅम यांच्या साहाय्याने जी अध्यापनपद्धती घडविली, तिच्यात अक्षर पाहणे, त्याचा ध्वनी उच्चारणे व हाताने ते गिरविणे या क्रिया एकत्र जोडलेल्या होत्या. दृष्टिदोषाच्या उपपत्तीतून निघालेली ही पद्धती प्रत्यक्षात ध्वनीच्या शिक्षणावर उभी होती, ही गोष्ट लक्षणीय आहे.

वाचनातील दृक्‌प्रक्रिया : ओळ वाचताना डोळे सरळ रेषेत सरकत नाहीत, तर झेपा घेत जातात, हे फ्रेंच नेत्रवैद्य एमील झाव्हाल यांच्या पॅरिस येथील प्रयोगशाळेतील निरीक्षणांतून १८७९ च्या सुमारास पुढे आले. सराईत इंग्रजी वाचकाची दृष्टी एका ठिकाणी सुमारे पाव सेकंद स्थिरावते व नंतर सुमारे ७ ते ९ अक्षरे पुढे झेपावते. मधूनमधून ती मागेही येते. बारीक अक्षर ओळखण्याचे काम दृष्टिपटलाच्या मध्यभागातील लहानसा खळगाच करू शकतो. म्हणून प्रत्येक झेपेने नवा शब्द या खळग्यासमोर आणावा लागतो. नवशिका वाचक अधिक वेळा व अधिक काळ थांबतो आणि अधिक वेळा मागे वळतो.

दृष्टिपटलापासून निघालेले संदेश थॅलॅमस या भागातून मेंदूच्या पश्चखंडातील दृक्‌बाह्यकाकडे जातात. तेथून पुढे डाव्या गोलार्धाच्या तळाशी, पश्चखंड व शंखखंड यांच्या सीमेवर, लिखित शब्दांना विशेष प्रतिसाद देणारा एक भाग आढळतो. लॉरां कोएन, स्तानिस्लास देहान व त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये त्याचे वर्णन केले. लेखनाचा शोध लागून काही हजार वर्षेच झाली असल्याने मेंदूत वाचनासाठी जन्मजात असा स्वतंत्र भाग असणे संभवत नाही. वस्तू व चेहरे ओळखणाऱ्या प्रदेशाचाच एक अंश शिक्षणामुळे अक्षरांच्या कामी लावला जातो, असे देहान यांचे मत आहे. ब्राझील व पोर्तुगाल येथील ६३ प्रौढांवरील, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरक्षर, मोठेपणी साक्षर झालेले व बालपणापासून साक्षर असलेले अशा गटांची तुलना करण्यात आली. साक्षरतेबरोबर केवळ हाच भाग नव्हे, तर दृक्‌बाह्यकाचा प्रारंभिक भागही लिखित शब्दांना अधिक प्रतिसाद देऊ लागतो, असे तीत दिसून आले. वाचनाने पाहण्याची प्रक्रियाच बदलते, हा निष्कर्ष पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

उलटी अक्षरे : डावीकडे तोंड केलेली गाय व उजवीकडे तोंड केलेली गाय ही एकच गाय होय, हे ओळखणे प्राण्यांना व माणसांना उपयोगी असते; म्हणून दृष्टी सहसा डाव्या-उजव्या फरकाकडे दुर्लक्ष करते. अक्षरांच्या बाबतीत मात्र हीच सवय मोडावी लागते. रोमन लिपीतील ‘बी’ व ‘डी’ यांची लहान अक्षरे एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असतात. देवनागरीत अशी अक्षरे नाहीत. तथापि ३ व ६ हे अंक जवळजवळ तसेच आहेत आणि ‘छत्तीसचा आकडा’ हा वाक्प्रचार त्यांच्या एकमेकांकडे फिरविलेल्या पाठींवरूनच आलेला आहे. पाच-सहा वर्षांची पुष्कळ मुले अक्षरे व अंक उलटे काढतात व बहुतेकांची ही सवय वाचन येऊ लागल्यावर सुटते. त्यामुळे केवळ उलट्या लेखनावरून वाचनवैकल्याचे निदान करता येत नाही.

इझाबेल लिबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये मंद वाचकांच्या चुकांची वर्गवारी केली, तेव्हा अक्षरे किंवा त्यांचा क्रम उलटविण्याच्या चुका एकूण चुकांच्या सुमारे पाव हिस्साच भरल्या. उरलेल्या चुका व्यंजने व स्वर यांच्या चुकीच्या उच्चारांच्या होत्या. फ्रँक व्हेल्युटिनो यांनी १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत केलेले प्रयोग या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहेत. हिब्रू लिपी मुळीच न जाणणाऱ्या चांगल्या व मंद वाचकांना त्यांनी हिब्रू अक्षरे क्षणभर दाखवून स्मरणाने काढावयास सांगितली. दोन्ही गटांनी ती सारखीच काढली. पाहण्यात वा पाहिलेले लक्षात ठेवण्यात मूलभूत दोष असता, तर मंद वाचक येथेही मागे पडले असते. इंग्रजी शब्दांच्या बाबतीत ही मुले शब्द पाहून अक्षरे बरोबर उतरवीत, अक्षरांची नावेही बरोबर सांगत. परंतु संपूर्ण शब्दाचा उच्चार चुकीचा करीत. अडचण आकृतीत नसून आकृतीला भाषेतील ध्वनीशी जोडण्यात आहे, हा विचार व्हेल्युटिनो यांच्या १९७९ च्या ग्रंथानंतर प्रभावी ठरला.

ध्वनिजाणिवेचे संशोधन : बोलताना ध्वनी एकमेकांत मिसळून येतात, एका शब्दात किती सुटे ध्वनी आहेत, हे ओळखणे लहान मुलास आपोआप जमत नाही. लिबरमन व सहकारी यांनी १९७४ मध्ये मुलांना शब्दातील घटकांइतके ठोके टेबलावर मारण्यास सांगितले. शब्दावयव मोजणे चार वर्षांच्या गटातील ४६ टक्के मुलांना जमले. सुटे ध्वनी मोजणे मात्र त्यांच्यापैकी एकालाही जमले नाही. बालवर्गात ते १७ टक्के व पहिलीच्या अखेरीस ७० टक्के मुलांना साधले. इंग्लंडमधील लिनेट ब्रॅडली व पीटर ब्रायंट यांनी सुमारे ४०० मुलांची वाचन शिकण्यापूर्वी चाचणी घेतली आणि काही वर्षे त्यांचा मागोवा घेतला. यमक व आद्यध्वनी ओळखण्याची कुवत पुढील वाचनाचा अंदाज देते, तसेच ध्वनींचे वर्गीकरण अक्षरांच्या साहाय्याने शिकविल्यास वाचन सुधारते, असे त्यांनी १९८३ मध्ये दाखविले. ध्वनिजाणिवेतील उणीव हे वाचनवैकल्याचे सर्वांत अधिक पुराव्याने सिद्ध झालेले कारण होय. तथापि ते एकमेव आहे असे नाही. प्रत्येक मुलात ही उणीव सापडत नाही. अनुवंशाचाही मोठा वाटा असतो; परंतु तो एका जनुकाचा नसून अल्प प्रभावाच्या अनेक जनुकांचा असल्याचे आढळते.

बृहत्कोशिका-मार्गाची उपपत्ती : दृष्टीचा प्रश्न मात्र एवढ्याने मिटला नाही; तो डोळ्यांकडून मेंदूतील दृक्‌मार्गांकडे वळला. दृष्टिपटलापासून मेंदूकडे जाणारे दोन प्रमुख मार्ग आहेत. मोठ्या तंत्रिका कोशिकांचा, म्हणजे बृहत्कोशिका-मार्ग, हालचाल व झटपट होणारे बदल टिपतो. लहान कोशिकांचा मार्ग रंग व सूक्ष्म तपशील टिपतो. ऑस्ट्रेलियातील विल्यम लव्हग्रोव्ह व सहकारी यांनी १९८० मध्ये मंद वाचक मुलांची ठळक-फिकट पट्ट्यांविषयीची संवेदनक्षमता इतरांहून वेगळी असल्याचे दाखविले व त्याचा संबंध पुढे पहिल्या मार्गाशी जोडण्यात आला. मार्गारेट लिव्हिंगस्टन, आल्बर्ट गॅलाबर्डा व सहकारी यांनी १९९१ मध्ये वाचनवैकल्य असलेल्या पाच मृत व्यक्तींचे मेंदू तपासले. थॅलॅमसमधील दृक्‌मार्गाच्या टप्प्यावर बृहत्कोशिका इतर पाच मेंदूंतील कोशिकांपेक्षा सरासरी २७ टक्क्यांनी लहान आढळल्या. ग्विनिव्हियर ईडन व सहकारी यांनी १९९६ मध्ये चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांच्या साहाय्याने असे दाखविले की, हलणारे ठिपके पाहताना वाचनवैकल्य असलेल्या प्रौढांच्या मेंदूतील गतिसंवेदनाचे क्षेत्र अपेक्षेप्रमाणे उद्दीपित होत नाही. ऑक्सफर्ड येथील जॉन स्टीन यांनी या सर्वांवरून व्यापक उपपत्ती मांडली. या मार्गाच्या दौर्बल्यामुळे नजर नीट स्थिरावत नाही, अवधान अक्षरावर अचूक रोखले जात नाही व त्यामुळे अक्षरक्रम विस्कटतो, असे तिचे सार आहे.

या उपपत्तीवर दोन प्रमुख आक्षेप आहेत. एक म्हणजे गतिसंवेदन मंद असणे ही गोष्ट वाचनवैकल्य असलेल्या काही व्यक्तींतच आढळते. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. मंद वाचक मूल बरोबरीच्या मुलांपेक्षा कितीतरी कमी वाचते. वाचनाने दृक्‌प्रक्रिया बदलत असेल, तर दिसणारा फरक हा वाचनवैकल्याचे कारण नसून कमी वाचल्याचा परिणामही असू शकेल. नेत्रगतीच्या बाबतीत हेच घडले. १९८१ मध्ये जॉर्ज पाव्हलिडिस यांनी, साधे दिवे नजरेने टिपतानाही या मुलांच्या डोळ्यांची हालचाल अनियमित असते, असे प्रसिद्ध केले होते. परंतु इतर संशोधकांना तसा पडताळा आला नाही. सारख्याच वाचनपातळीच्या लहान मुलांशी तुलना केली असता वाचनवैकल्य असलेल्या मुलांच्या डोळ्यांच्या झेपा त्यांच्यासारख्याच आढळतात. अडखळणारी नजर हे अडखळत्या वाचनाचे चिन्ह होय, मूळ नव्हे.

कारण व परिणाम यांची पारख : हा पेच सोडविण्यासाठी तीन प्रकारच्या अभ्यासांचा अवलंब केला जातो. पहिल्यात वाचनवैकल्य असलेल्या मुलांची तुलना समवयस्कांशी न करता समान वाचनपातळीच्या, वयाने लहान मुलांशी करतात. ईडन यांच्याच प्रयोगशाळेतील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी तुलना करताच गतिसंवेदन क्षेत्रातील फरक नाहीसा झाला; इतकेच नव्हे, तर ध्वनीवर आधारलेले वाचनशिक्षण दिल्यावर त्या क्षेत्राचे उद्दीपन वाढले. दृष्टीस कोणतेही शिक्षण दिलेले नसताना हा बदल घडला, यावरून मूळचा फरक परिणामस्वरूप असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला.

दुसऱ्या प्रकारात मुलांचे मापन वाचन शिकण्यापूर्वीच करून नंतर त्यांचा मागोवा घेतात. या वयात वाचनाचा अनुभव नसल्याने आढळलेला फरक त्याचा परिणाम असू शकत नाही. इटलीतील पादोव्हा येथील सांद्रो फ्रांचेस्कीनी, आंद्रेआ फाकोएत्ती व सहकारी यांनी २०१२ मध्ये असा अभ्यास प्रसिद्ध केला. बालवाडीतील मुलांची चिन्हांच्या गर्दीतून नेमके चिन्ह शोधण्याची, म्हणजे दृक्‌अवधानाची कुवत ही दुसरीपर्यंतच्या वाचनाचा काही प्रमाणात अंदाज देते, असे त्यात आढळले.

तिसऱ्या प्रकारात वाचनाचे शिक्षण देऊन त्यापूर्वी व त्यानंतर दृक्‌संवेदन मोजतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सघन शिक्षणाने मुलांचे वाचन सुधारले, परंतु गतिसंवेदन होते तसेच राहिले. म्हणजे ते केवळ कमी वाचनाचा परिणामही नव्हे. मात्र मंद गतिसंवेदनाची मुले इतरांइतकीच सुधारली. ही दोन निरीक्षणे २०१३ च्या निष्कर्षाशी सर्वस्वी जुळत नाहीत व वाद संपलेला नाही. तथापि व्यवहाराच्या दृष्टीने त्यांतून निघणारी गोष्ट एकच आहे : दृक्‌प्रक्रियेत काही वेगळेपणा असला, तरी तो अक्षर-ध्वनीच्या शिक्षणाच्या आड येत नाही.

दृक्‌अवधान व अक्षरांची दाटी : दोन मर्यादित स्वरूपाच्या दृक्‌घटकांकडे अलीकडे अधिक लक्ष दिले जाते. फ्रान्समधील ग्रनॉबल येथील सिल्व्ही व्हालद्वा, मारी-लीन बॉस व सहकारी यांच्या २००७ च्या अभ्यासानुसार, एका दृष्टिक्षेपात किती अक्षरे टिपता येतात ही मर्यादा काही मुलांत अरुंद असते आणि अशा मुलांपैकी काहींत ध्वनिजाणिवेची उणीव दिसत नाही. दुसरा घटक म्हणजे दाटी. शेजारच्या अक्षरांमुळे मधले अक्षर ओळखणे सर्वांनाच कठीण जाते. वाचनवैकल्य असलेल्या मुलांना ते अधिक कठीण जाते. मार्को झोर्झी व सहकारी यांनी २०१२ मध्ये ८ ते १४ वर्षांच्या ९४ इटालियन व फ्रेंच मुलांना नेहमीपेक्षा अधिक अंतर सोडून छापलेला मजकूर वाचावयास दिला. कोणत्याही पूर्वशिक्षणावाचून चुका कमी झाल्या व वेग वाढला. यामुळे मूळ दोष जात नाही. परंतु मोकळी, स्वच्छ छपाई ही कोणत्याही शाळेस अल्प खर्चात देता येण्याजोगी सोय आहे.

नेत्रदोष व रंगीत भिंगे : चष्म्याची गरज, तिरळेपणा, एका डोळ्याची मंद दृष्टी हे दोष असल्यास त्यांवर उपचार अवश्य करावेत, मात्र ते वाचनवैकल्याचे कारण नव्हेत. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरातील ७ ते ९ वर्षांच्या ५,८२२ मुलांची तपासणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १७२ मुलांत तीव्र वाचनदोष होता व त्यांच्यातील पाचांपैकी सुमारे चार मुलांचे डोळे सर्व चाचण्यांत निर्दोष होते. तिरळेपणा, दृष्टिदोष, डोळे जवळ वळविण्याची क्षमता इ. बाबतींत त्यांच्यात व इतर मुलांत फरक आढळला नाही. केवळ जवळच्या अंतरावर दोन डोळ्यांतील प्रतिमा एकत्र करण्याच्या चाचणीत किंचित फरक दिसला.

रंगीत भिंगांचा वा रंगीत पारदर्शक कागदांचा उपयोग न्यूझीलंडमधील ऑलिव्ह मियर्स यांच्या १९८० च्या व अमेरिकेतील हेलन अर्लेन यांच्या १९८३ च्या प्रतिपादनानंतर पसरला. अक्षरे हलतात वा डोळ्यांवर ताण येतो, अशी तक्रार करणारी मुले असतात व त्यांपैकी काहींना रंगामुळे बरे वाटते. परंतु अशा तक्रारी वाचन उत्तम असणाऱ्यांतही आढळतात आणि नियंत्रित चाचण्यांत भिंगांनी वाचन सुधारल्याचा खात्रीलायक पुरावा मिळालेला नाही. अमेरिकेतील बालरोग व नेत्ररोगतज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदन काढून रंगीत भिंगे व डोळ्यांचे व्यायाम यांची वाचनवैकल्यासाठी शिफारस करण्यास नकार दिला. अशा उपचारांनी शरीरास सहसा इजा होत नाही. हानी होते ती पैशाची व त्याहून अधिक वेळेची.

भिन्न लिप्या व देवनागरी : वाचनवैकल्य हे एका लिपीपुरते मर्यादित नाही. एराल्डो पाउलेझू व सहकारी यांनी २००१ मध्ये इंग्रजी, फ्रेंच व इटालियन भाषक प्रौढांची तुलना केली. इटालियनमध्ये अक्षर व ध्वनी यांची सांगड जवळजवळ नियमबद्ध असल्याने तेथील व्यक्ती अधिक अचूक वाचत. परंतु वाचताना डाव्या गोलार्धातील उद्दीपन तिन्ही गटांत सारखेच कमी होते. नियमबद्ध लिपीत वाचनवैकल्य चुकांपेक्षा मंदगतीच्या रूपाने अधिक प्रकट होते.

देवनागरीतही लेखन व उच्चार यांचा संबंध बराच नियमित आहे; परंतु मुलापुढे इतर अडचणी असतात. ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’, ‘थ’ व ‘य’ यांसारख्या जोड्यांत फरक अल्प असतो. ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी लिहिला जातो, पण उच्चारला जातो नंतर. ‘दर्या’ व ‘दऱ्या’ या शब्दांतील ‘र’ची निराळी रूपे अर्थही बदलतात. ‘जग’ हा शब्द विश्व या अर्थी व जगणे या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप म्हणून सारखाच लिहिला जातो, परंतु त्यातील ‘ज’चा उच्चार वेगळा होतो. शिवाय बाराखडी व जोडाक्षरे धरून शिकावयाच्या अक्षररूपांची संख्या काही शेकड्यांत जाते. सोनाली नाग यांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कन्नड वाचनावरील अभ्यासात अक्षरांचे ज्ञान चौथीपर्यंत वा त्यापुढेही पूर्ण होत राहते व सुट्या ध्वनींची जाणीव सावकाश विकसित होते, असे दिसून आले. त्यामुळे इंग्रजी मुलांसाठी तयार केलेले निकष भारतीय लिप्यांना जसेच्या तसे लावणे योग्य ठरत नाही. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मस्तिष्क संशोधन केंद्राने ‘डाली’ हा चाचणीसंच २०१५ मध्ये तयार केला. तो हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांत असून त्यामुळे मराठी माध्यमातील मुलाची चाचणी त्याच्या भाषेत घेणे शक्य झाले आहे.

ओळख, शिक्षण व सोयी : बोलणे उशिरा येणे, बडबडगीतांतील यमके न कळणे, अक्षरांची नावे व ध्वनी वारंवार विसरणे, ओळखीच्या वस्तूंची नावे झटपट सांगता न येणे आणि कुटुंबात कोणास अशीच अडचण असणे, ही वाचनवैकल्याच्या संभवाची लहान वयातील चिन्हे होत. यांपैकी एखादे चिन्ह सुटे आढळल्यास त्यावरून निदान करू नये. अनेक चिन्हे एकत्र असल्यास मात्र ‘मोठेपणी सुधारेल’ म्हणून वाट पाहू नये. प्रथम डोळे व कान तपासून घ्यावेत. ते निर्दोष असल्यास वा दोष दूर केल्यावरही अडचण राहिल्यास प्रशिक्षित तज्ञाकडून वाचन, लेखन व ध्वनिजाणीव यांची चाचणी करावी.

ध्वनी सुटे करणे, ते अक्षरांशी जोडणे, जोडलेले ध्वनी मिळवून शब्द वाचणे व याचा रोज थोडा सराव करणे, हे परिणामकारक शिक्षणाचे सामान्य स्वरूप आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन मंडळाने २००० मध्ये उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेऊन या पद्धतशीर शिक्षणाचा पुरस्कार केला. ते पहिली-दुसरीच्या वयात मिळाल्यास लाभ अधिक होतो. पुढील वयातही होतो, परंतु वेग कमी राहतो.

महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय केला. लेखी परीक्षेस अधिक वेळ, लेखनिकाची मदत, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष इत्यादींचा त्यांत समावेश होतो. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय अधिनियमात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत करण्यात आला आहे. सवलत ही शिक्षणाची जागा घेऊ शकत नाही. ती शिक्षणाच्या जोडीने द्यावयाची असते.

शब्दांधतेच्या कल्पनेपासून आजवरच्या संशोधनाचा मथितार्थ असा की, या मुलांचे डोळे इतरांप्रमाणेच पाहतात. पाहिलेल्या खुणेला बोलीतील ध्वनीशी बांधण्याचे काम त्यांच्या मेंदूस सायासाने करावे लागते. त्या कामात दृक्‌अवधानाचा वाटा नेमका किती, हे ठरविण्यासाठी मुलांचा वाचनपूर्व वयापासून अभ्यास होणे आवश्यक आहे आणि अक्षरप्रधान भारतीय लिप्यांतील असे अभ्यास अद्यापि थोडे आहेत. मात्र वर्गात मागे पडलेल्या मुलास आळशी वा मंदबुद्धी ठरविण्यास या संशोधनात कोठेही आधार सापडत नाही, आणि त्यास वाचावयास शिकविण्याचा मार्ग उपलब्ध आहे.